दरवर्षी एसीत गॅस भरावाच लागतो का? (दीड टन इन्व्हर्टर स्प्लिट, आर-३२)

खाडीकाठ_ऐरोली यांचा प्रश्न

दीड टनाचा इन्व्हर्टर स्प्लिट एसी आहे, गॅस आर-३२, बसवून चार वर्षं झाली. गेली दोन वर्षं मार्चमध्ये सर्व्हिसिंग करताना मेकॅनिक गेज (गॅसचा दाब मोजायचा काटा) लावतात, "गॅस कमी आहे" म्हणतात आणि भरतात. उन्हाळा बरा जातो, ऑक्टोबरमध्ये पुन्हा खोली गार व्हायला तास-तास लागतो. यंदाही तेच निदान झालंय. "इन्व्हर्टरला दरवर्षी थोडा गॅस लागतोच" असं सांगून वार्षिक करारातच गॅसची रक्कम धरली आहे.

आउटडोअरच्या नेमप्लेटवर गॅस ०.८० किलो लिहिलाय. इनडोअर ते आउटडोअर पाइप साधारण ९ मीटर. मला तीन गोष्टी हव्या आहेत. वापराने गॅस खरंच कमी होतो का? मेकॅनिक न बोलावता घरी काय तपासता येईल? आणि गळती असेलच तर दुरुस्ती करताना कशाचा आग्रह धरायचा?

---

तांब्याची_नळी

पहिल्याचं उत्तर सरळ आहे: नाही. गॅस जळत नाही, झिजत नाही, जुना होऊन "उतरत" नाही. तोच गॅस इनडोअर कॉइलमध्ये उकळतो आणि खोलीतली उष्णता उचलतो. कॉम्प्रेसर त्याला दाबतो, आउटडोअर कॉइलमध्ये ती उष्णता बाहेर टाकून तो पुन्हा द्रव होतो आणि परत फिरतो. बंद चक्र आहे. कारखान्यात भरलेला गॅस मशीनच्या आयुष्यभर पुरला पाहिजे. कमी झाला असेल तर कुठेतरी भोक आहे, आणि भोक न बुजवता भरलेला गॅस त्याच वाटेने जाणार.

म्हणून गॅस भरणं ही देखभाल नव्हेच, ती दुरुस्ती आहे. देखभालीत फिल्टर, दोन्ही कॉइल, ब्लोअर, ड्रेन, वायरिंगचे जोड आणि करंट एवढंच येतं. करारात "वार्षिक गॅस टॉप-अप" अशी ओळ असेल तर ती काढायला सांगा आणि त्या जागी "लिकेज तपासणी, नायट्रोजन प्रेशर टेस्टसह" असं लिहून घ्या.

दुसरी एक सवय मोडायला हवी. मशीन नीट गार करत असेल तर दर सर्व्हिसिंगला गेज लावायचं कारणच नाही. प्रत्येक वेळी नळी लावताना-काढताना थोडा गॅस जातो, आणि सर्व्हिस पोर्टमधली पिन वारंवार दाबली गेली की तिचं रबर बसतं व तीच पुढे गळू लागते. ज्या यंत्रात एकूण ८०० ग्रॅम गॅस आहे तिथे असं दर वर्षी २०-३० ग्रॅम घालवणं परवडत नाही.

गेजवरच्या आकड्याबद्दलही सांगतो, कारण बहुतेक चुकीची निदानं इथेच होतात. आर-३२ चा उकळबिंदू दाबाला बांधलेला आहे: ५ अंशाला साधारण १२३ पीएसआय (दाबाचं एकक), १० अंशाला १४६. जुन्या फिक्स्ड स्पीड मशीनमध्ये (कॉम्प्रेसर एकाच वेगाने फिरणाऱ्या) सक्शनचा, म्हणजे कॉम्प्रेसरकडे परत येणाऱ्या गॅसच्या दाबाचा काटा एका जागी स्थिर राहायचा, त्यावरून अंदाज बांधता यायचा. इन्व्हर्टरमध्ये कॉम्प्रेसर हळू फिरत असेल तर काटा १५० वर दिसतो, जोरात फिरत असेल तर ११५ वर, आणि गॅस दोन्ही वेळी तितकाच. त्यात फिल्टर चोंदलेला असला की काटा १०० पर्यंत उतरतो आणि लगेच "गॅस कमी" ठरतो. फिल्टर धुतल्याशिवाय आणि मशीन फुल स्पीडला आणल्याशिवाय घेतलेल्या रीडिंगला काही अर्थ नाही.

घरी असं करा. फिल्टर धुऊन वाळवून बसवा. दारं-खिडक्या बंद. तापमान १८, पंखा हाय, २० मिनिटं चालू द्या. मग आउटडोअरच्या बाजूला जिथे दोन पाइप पितळी वाल्वना जोडलेत तिथे बघा. हात पोचत असेल तरच, गॅलरीच्या कठड्याबाहेर वाकू नका.

तब्येत ठीक असलेल्या मशीनमध्ये जाड आणि बारीक दोन्ही पाइप गार लागतात, जाड पाइपाच्या वाल्वला पाणी सुटलेलं असतं. घरगुती स्प्लिटमध्ये कॅपिलरी किंवा एक्स्पान्शन वाल्व (गॅसचा दाब पाडणारी अरुंद वाट) आउटडोअरमध्येच असतो, त्यामुळे बारीक पाइपातूनही गारच गॅस जातो. गॅस कमी असेल तर बारीक पाइपाच्या वाल्ववर पांढरा बर्फ धरतो आणि जाड पाइप कोरडा, जवळपास हवेइतकाच कोमट राहतो. याउलट जाड पाइपावर थेट कॉम्प्रेसरपर्यंत बर्फ असेल आणि इनडोअर कॉइल सगळीकडून गोठली असेल, तर गॅस नव्हे, हवा अडलीय: फिल्टर, घाण कॉइल किंवा ब्लोअर.

इनडोअरचं झाकण उघडून कॉइलकडेही बघा. गॅस कमी असला की कॉइलचा एकच कोपरा ओला किंवा गोठलेला आणि बाकी कोरडी, अशी स्पष्ट सीमारेषा दिसते.

---

खाडीकाठ_ऐरोली

सांगितलं तसं केलं. बारीक पाइपाच्या वाल्ववर बर्फ आहे, जाड पाइप कोरडा. इनडोअर कॉइलचा वरचा साधारण एक तृतीयांश भाग ओला, खाली कोरडं. आत जाणारी हवा ३० अंश, बाहेर येणारी २३. सोसायटीच्या इलेक्ट्रिशियनने क्लॅम्प मीटर लावला: ४.१ अँपिअर. नेमप्लेटवर रेटेड करंट ६.९ आहे.

---

तांब्याची_नळी

मग गॅस कमीच आहे, मेकॅनिकचं तेवढं निदान बरोबर. फुल स्पीडला करंट एवढा खाली, बारीक वाल्ववर बर्फ आणि कॉइल अर्धीमुर्धी ओली, ही तीन लक्षणं एकत्र आली की दुसरं काही शोधायला नको. हवेतला फरक ७ अंश आहे. तो एकटाच असता तर मी त्यावरून काहीच म्हटलं नसतं. तुमच्याकडच्या दमट हवेत मशीनची बरीच ताकद पाणी गाळण्यात जाते, त्यामुळे सुस्थितीतल्या मशीनलाही पावसाळ्यात ८-९ अंशच मिळतो, कोरड्या हवेत १२ च्या पुढेही जातो.

गळती दुरुस्त होईपर्यंत हा एसी चालवू नका. कॉम्प्रेसरची मोटर त्यातून फिरणाऱ्या गॅसवरच थंड होते. गॅस कमी झाला की कॉम्प्रेसर तापतो, आणि आर-३२ मध्ये डिस्चार्जचं (कॉम्प्रेसरमधून बाहेर पडणाऱ्या गॅसचं) तापमान आर-४१०ए या दुसऱ्या एसी गॅसपेक्षा आधीच जास्त असतं. तेल करपतं आणि मग गळतीऐवजी कॉम्प्रेसरचं बिल येतं.

---

नायट्रोजन_आधी

आता गळती शोधण्याचं. इथेच घाई होते, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी हिशेब बघा. वर्षाला २५० ग्रॅम आर-३२ जात असेल तर ते तासाला साधारण १३-१४ घन सेंटिमीटर वायू होतो. म्हणजे साबणाच्या पाण्यात ५ मिलिमीटरचा एक बुडबुडा दर १५-२० सेकंदांनी. जोडावर फेस लावून दोन सेकंद बघून "लिकेज नाही" म्हणणाऱ्याला तो कधीच दिसणार नाही. प्रत्येक जोडावर दाट फेस लावून किमान दोन-तीन मिनिटं टॉर्च मारून बघत बसायचं. भांड्याच्या लिक्विडचं दाट पाणी आणि मऊ ब्रश पुरतो. फेस आधीच बुडबुड्यांनी भरलेला नको, नाहीतर नवा बुडबुडा ओळखू येत नाही.

शोधायचा क्रम असा. सर्वांत आधी इनडोअरमागचे दोन फ्लेअर जोड (पाइपाचं तोंड फुलवून नटाने आवळलेले), जे टेप आणि इन्सुलेशनखाली गुंडाळलेले असतात. निम्म्या वेळा तपासणारा ती टेप सोडतच नाही. मग आउटडोअरचे दोन फ्लेअर नट, सर्व्हिस पोर्टची पिन, वाल्वच्या दांड्या. त्या दांड्यांवरच्या पितळी टोप्या दिखाव्यासाठी नसतात, त्या दुसरं सील आहेत. हरवल्या असतील तर आणून घट्ट बसवा. शेवटी इनडोअर कॉइलचे यू-बेंड, म्हणजे कडेच्या वळणाच्या नळ्या. तेलकट डाग दिसला की तिथे थांबा. गॅसबरोबर कॉम्प्रेसरचं तेल बाहेर येतं आणि त्यावर धूळ बसून काळपट-हिरवट चिकट डाग होतो.

बाहेरून काही दिसलं नाही तर नायट्रोजन. आउटडोअरचे दोन्ही वाल्व ॲलन कीने पूर्ण बंद केले की आउटडोअरमधला गॅस आतच अडकतो आणि सर्व्हिस पोर्ट फक्त पाइप व इनडोअरशी जोडलेला राहतो. त्या बाजूचा उरलेला गॅस रिकव्हर करायचा (मशीनने ओढून सिलिंडरमध्ये काढून घ्यायचा) आणि पोर्टमधून रेग्युलेटर लावून कोरडा नायट्रोजन चढवायचा. थेट ४०० वर न्यायचं नाही. ५० ला थांबून मोठी गळती ऐकायची, मग २००, मग ४०० पीएसआय. कंपनीच्या मॅन्युअलमध्ये चाचणीचा दाब दिलेला असतो, त्याच्या वर जायचं नाही. रेग्युलेटरशिवाय नायट्रोजनचं सिलिंडर लावू देऊ नका, भरलेल्या सिलिंडरमध्ये दीडशे बारच्या आसपास दाब असतो. आणि ऑक्सिजन किंवा हवा भरायच्या कॉम्प्रेसरची हवा कधीही नाही. तेल आणि ऑक्सिजन दाबाखाली एकत्र आले की स्फोट होतो.

काटा रात्रभर ठेवा, पण वाचताना तापमान धरा. संध्याकाळी ३३ अंशाला ४०० असलेला दाब पहाटे २५ अंशाला गळती नसतानाही ३८९ च्या आसपास दिसेल. फरक त्याहून जास्त असेल तर पाइप किंवा इनडोअर गळतंय. मग पाइप इनडोअरपासून सोडवून, टोकं बंद करून दोन्ही वेगळे तपासायचे. दाब टिकला तर दोष आउटडोअरमध्ये.

इलेक्ट्रॉनिक डिटेक्टर असेल तर उत्तम, पण तो आर-३२ साठी चालणारा हवा. आर-२२ या जुन्या गॅसच्या काळातली ज्योतीची दिवटी फक्त क्लोरीन ओळखते, आर-३२ मध्ये क्लोरीन नाही. शिवाय हा गॅस मंद ज्वलनशील वर्गातला आहे, गळतीजवळ ज्योत नेणं चुकीचंच.

एक गोष्ट बजावून सांगतो. गॅस बराचसा गेलेल्या किंवा उघड गळती असलेल्या मशीनमध्ये पंप-डाउन (कॉम्प्रेसरने सगळा गॅस आउटडोअरमध्ये ओढून कोंडणं) करायचं नाही. बारीक वाल्व बंद करून कॉम्प्रेसर चालवला की गळक्या जागेतून हवा आत ओढली जाते. हवा आणि तेल कॉम्प्रेसरमध्ये दाबले गेले तर ते डिझेल इंजिनसारखं पेट घेतं आणि कॉम्प्रेसर फुटतो. कामगारांचे जीव जाण्याचा हा धोका आहे. अशा वेळी रिकव्हरी मशीन वापरायचं.

---

सोपा_उपाय

एवढा खटाटोप कशाला? आर-३२ हा एकच शुद्ध गॅस आहे, आर-४१०ए सारखं मिश्रण नाही. त्यामुळे टॉप-अप केला तरी घटकांचं प्रमाण बिघडत नाही. दीडशे ग्रॅम मारा, दोन वर्षं जातात.

---

तांब्याची_नळी

पहिलं वाक्य खरं आहे, त्यावरून काढलेला निष्कर्ष नाही. प्रमाण बिघडत नाही, पण आत किती उरलाय हे कोणालाच माहीत नसतं. दीडशे ग्रॅम म्हणजे आधी किती असताना? ८०० ग्रॅमच्या मशीनमध्ये शंभर ग्रॅम इकडेतिकडे म्हणजे बारा टक्के. जास्त झाला तर कंडेन्सरमध्ये (आउटडोअर कॉइलमध्ये) द्रव साचतो, हेड प्रेशर (तिथला दाब) वाढतं, करंट वाढतो, दुपारच्या उन्हात मशीन ट्रिप होतं, आणि द्रवरूप गॅस कॉम्प्रेसरमध्ये शिरला तर वाल्व तुटतात. ग्राहकाला मात्र पुन्हा "गार होत नाही" एवढंच जाणवतं आणि पुन्हा गॅस भरला जातो.

नेमप्लेटवर गॅस वजनात दिलाय, दाबात नाही. त्यामागे कारण आहे.

आणि जो दीडशे ग्रॅम जातो तो कुठे जातो याचाही विचार करा. शंभर वर्षांच्या हिशेबात आर-३२ ची तापमानवाढीची ताकद कार्बन डायऑक्साइडच्या ६७५ पट धरतात. दीडशे ग्रॅम म्हणजे शंभर किलो कार्बन डायऑक्साइड. आर-४१०ए असता तर तीनशेच्या पुढे. एका घराचं हे, तर इमारतीत किती एसी आहेत मोजा.

---

नायट्रोजन_आधी

भरण्याची पद्धत. ताई, यातली प्रत्येक पायरी तुम्ही समोर उभं राहून बघा.

गळती बुजवली, नायट्रोजनचा दाब टिकला, नायट्रोजन सोडला. आता आउटडोअरमध्ये अडकवलेल्या गॅसचं वजनही आपल्याला माहीत नाही, म्हणून तोही रिकव्हर करायचा आणि शून्यापासून सुरुवात करायची. लोक हे टाळतात आणि मग अंदाजपंचे सुरू होतं.

मग व्हॅक्यूम, म्हणजे आतली हवा आणि ओल पंपाने ओढून काढणं. दोन स्टेजचा पंप, किमान अर्धा तास, आणि पाइप पावसाळ्यात उघडा राहिला असेल तर त्याहून जास्त. मायक्रॉन गेजवर (खोल व्हॅक्यूम मोजणाऱ्या गेजवर) ५०० च्या खाली उतरायला हवं आणि पंप बंद करून दहा मिनिटं ते फारसं चढता कामा नये. मॅनिफोल्डचा (नेहमीच्या गेज संचाचा) काटा उणे ३० वर टेकला एवढं पुरेसं नाही, तो काटा ५०० आणि ५,००० मायक्रॉनमधला फरक दाखवूच शकत नाही. मायक्रॉन वर चढून एका जागी थांबला तर आत ओल आहे, थांबेचना तर अजून गळती आहे. ओल असेल तर व्हॅक्यूम नायट्रोजनने तोडून पुन्हा ओढायचा, असं दोन-तीनदा. पंपाचं तेल दुधासारखं पांढरट झालं असेल तर आधी तेल बदला, त्या तेलावर खोल व्हॅक्यूम मिळत नाही.

एवढा आग्रह ओलीमुळे. या मशीनांतलं सिंथेटिक तेल हवेतली ओल भराभर पितं, पॉलिओल एस्टर तेल असेल तर ओलीने त्याचं आम्ल बनतं, आणि ते आम्ल मोटरचं वाइंडिंग खातं. आत राहिलेली हवा तर द्रव होतच नाही, ती कंडेन्सरमध्ये जागा अडवून दाब चढवत राहते. "थोडा गॅस सोडून एअर काढली" ही पद्धत त्यामुळे अजिबात मान्य करू नका.

मग वजन. सिलिंडर डिजिटल काट्यावर. तुमचा हिशेब: नेमप्लेट ८०० ग्रॅम. हा आकडा किती मीटर पाइपापर्यंत धरलाय ते मॅन्युअलमध्ये असतं, मशीनप्रमाणे बदलतं. ५ मीटरपर्यंत धरला असेल आणि पुढे मीटरला २० ग्रॅम दिला असेल तर जास्तीच्या ४ मीटरचे ८० ग्रॅम, एकूण ८८०. हे ८० ग्रॅम पहिल्या दिवशी तरी घातले होते का, हाही प्रश्न विचारण्यासारखा आहे. बरीच मशीनं बसवल्या दिवसापासून तेवढी उपाशी असतात.

मशीन बंद असताना व्हॅक्यूमवरच द्रवरूप गॅस ओढू द्यायचा. सिलिंडर उलटा, आत नळी असलेला असेल तर सरळ. जेवढा जाईल तेवढा गेला की मशीन चालू करून उरलेला थोडा-थोडा, मध्ये थांबत. दीड मीटरच्या नळीत द्रव गॅस वीस-पंचवीस ग्रॅम सहज अडकतो, तो धरून काटा वाचायचा. भरून झालं की तारीख आणि ग्रॅम आउटडोअरच्या आत मार्करने लिहून ठेवायला लावा. पुढच्या वेळी रिकव्हर करून वजन केलं की गळतीचा वेग कळतो.

---

विंडो_२०११

मध्येच विचारतो, विषय जवळचा आहे म्हणून. २०११ चा दीड टन विंडो एसी आहे, आर-२२. गॅस गेलाय. एकाने सांगितलं आर-२२ बंद झाला, त्यात आर-३२ भरतो. दुसरा म्हणतो "हायड्रोकार्बन" भरतो, वीज कमी लागते. काय करावं?

---

तांब्याची_नळी

दोन्ही नको.

आर-२२ ओझोनला मारक असल्याने माँट्रियल करारानुसार टप्प्याटप्प्याने जातोय. भारतात १ जानेवारी २०२५ पासून आर-२२ वर चालणारे नवे एसी बनवायला बंदी आहे. दुरुस्तीसाठीचा गॅस मात्र अजून मिळतो, कमी-कमी होत जाईल.

आर-३२ त्यात चालणार नाही. ३० अंशाला बंद मशीनमध्ये आर-२२ चा दाब साधारण १५८ पीएसआय असतो, आर-३२ चा २६५. तुमची कॉइल, कॉम्प्रेसर आणि कॅपिलरी त्या दाबासाठी नाहीत, आणि जुनं मिनरल तेल आर-३२ मध्ये नीट मिसळत नाही. हायड्रोकार्बन म्हणजे प्रोपेन, आर-२९०. तो उत्तम गॅस आहे, त्यासाठी मुळातून बांधलेल्या मशीनमध्ये: मोजून कमी गॅस, ठिणगी न पडणारे विजेचे भाग, खोलीच्या आकाराची अट. विंडो एसीत तर थर्मोस्टॅट, रिले आणि गॅस सगळं एकाच पेटीत, खोलीच्या हवेत. प्रोपेन हवेत २.१ टक्के झाला की पेटू शकतो.

विंडोत फ्लेअर जोड नसतात, त्यामुळे गळती म्हणजे ब्रेझिंगचा (ज्योतीने धातू वितळवून सांधलेला) जोड किंवा कॉइलच. यू-बेंडचा जोड असेल तर ब्रेझिंग करून आर-२२ वजनाने भरा. कॉइलची नळीच खाल्ली गेली असेल तर या वयाच्या मशीनवर पैसे घालू नका.

गॅस भरणाऱ्याचं सिलिंडर खरं आहे का, याची साधी चाचणी: सिलिंडर काही तास सावलीत ठेवलेलं असताना गेज लावा. ३० अंशाला आर-२२ चा दाब १५८ च्या आसपास हवा. ठळक फरक असेल तर आत दुसरंच काही आहे किंवा हवा मिसळलीय. आर-३२ आणि आर-४१०ए मात्र यातून ओळखता येत नाहीत, दोघांचे दाब २६० च्या आसपास, फारच जवळ.

---

खाडीकाठ_ऐरोली

नवीन मेकॅनिककडून नायट्रोजन लावून घेतला. संध्याकाळी ३३ अंशाला ४००, सकाळी २५ अंशाला ३५२. इनडोअरमागची टेप सोडल्यावर जाड पाइपाच्या (अर्धा इंच) फ्लेअर नटवर तेलाचा डाग निघाला, फेस लावल्यावर बुडबुडे आले. नट सोडला तर फ्लेअर एका बाजूला पातळ आणि कडेला बारीक चीर. कॉइलचे यू-बेंड मात्र काळपट पडलेत, तिथे बुडबुडे नाहीत.

उद्या फ्लेअर नवी करणार. काय बघायचं? आणि आर-३२ पेटतो म्हणतात, बेडरूममध्ये गळत होता याची आता भीती वाटते.

---

नायट्रोजन_आधी

रीडिंग नेमकी घेतलीत. ३८९ अपेक्षित होता, ३५२ आला, म्हणजे गळती पक्की, आणि सापडलीही.

भीतीचा हिशेब: १० बाय १२ ची, १० फूट उंच खोली म्हणजे सुमारे ३४ घनमीटर. सगळा ८८० ग्रॅम एकदम सुटून मिसळला तरी घनमीटरला २६ ग्रॅम. पेटायला ३०० हून जास्त लागतो. वर्षभर थेंबाथेंबाने गेलेल्याचं तर काहीच नाही. काम करताना मात्र दारं-खिडक्या उघड्या, देवघरातला दिवा विझवलेला, आणि गॅस पूर्ण काढल्याशिवाय ब्रेझिंगचा टॉर्च पेटवायचा नाही. ज्योतीत हा गॅस गेला की विषारी हायड्रोजन फ्लोराइड तयार होतो.

फ्लेअर: पाइप कटरने कापा, हॅक्सॉने नाही. आतली बर (कापल्याने उठलेली धारदार कड) काढताना पाइपाचं तोंड खाली धरा म्हणजे कीस आत पडणार नाही. नट आधी पाइपात ओवायचा, हे विसरलं की सगळं पुन्हा. अर्धा इंच पाइपाला आर-३२ साठी फ्लेअरचा बाहेरचा व्यास १६.२ ते १६.६ मिलिमीटर, पाव इंचाला ८.७ ते ९.१. व्हर्नियरने मोजा. तोंड चारी बाजूंनी सारखं, आरशासारखं गुळगुळीत, एकही रेघ नाही. त्यावर कॉम्प्रेसरच्या तेलाचा एक थेंब. टेफ्लॉन टेप किंवा सीलंट नाही, कारण इथे तांबं आणि पितळ एकमेकांवर बसूनच सील होतं. नट हाताने शेवटपर्यंत फिरला पाहिजे, मग दोन पाने लावून टॉर्क रेंचने: अर्धा इंच ४९ ते ६१ न्यूटन-मीटर, पाव इंच १४ ते १८. जास्त आवळणं हेच चीर जाण्याचं नेहमीचं कारण आहे, "अजून थोडा घट्ट" म्हणू नका. बारीक पाइपाची फ्लेअरही याच हाताने झालेली असणार, तीही नवीच करा. पाइप कमी पडत असेल तर ओढून ताणू नका, तुकडा जोडून घ्या. ब्रेझिंग करताना आतून नायट्रोजनचा मंद प्रवाह हवा, नाहीतर आत काळी खपली तयार होते आणि ती पुढे कॅपिलरी किंवा एक्स्पान्शन वाल्व तुंबवते.

---

तांब्याची_नळी

काळ्या यू-बेंडबद्दल. तुमच्याकडे देवघरातली चांदीची भांडी लवकर काळी पडतात का? खाडी, नाला किंवा ड्रेनेजजवळ हवेत हायड्रोजन सल्फाइड असतो, तो तांब्याला तसंच काळं करतो आणि हळूहळू पोखरतो. इनडोअर कॉइलवर पाणी सतत असल्याने तिथे वेग जास्त. त्यात एसीचा ड्रेन पाइप थेट बाथरूमच्या गटारात सोडलेला असेल तर गटाराची हवा पाइपातून सरळ कॉइलपर्यंत चढते. त्या पाइपाला पाण्याचा यू-ट्रॅप द्या. उन्हाळ्यात एसी सुरू करताना त्यात पाणी आहे ना ते बघा. नाहीतर पाइप गटारात न घालता जाळीच्या वर उघडा सोडा.

नव्या प्लायवुडच्या कपाटातून आणि त्याच्या गोंदातून, काही साफसफाईच्या द्रवांतून निघणाऱ्या वाफांची आम्लं तांब्यात मुंग्यांच्या वारुळासारखे बारीक बोगदे पाडतात. बाहेरून भोक दिसतही नाही. त्यामुळे जेट पंपने कॉइल धुताना ॲसिडवालं केमिकल मारू देऊ नका. साधं पाणी, फार तर न्यूट्रल क्लीनर, आणि पंप बेताचा म्हणजे फिन वाकणार नाहीत.

उद्या फ्लेअर झाल्यावर पुन्हा ४०० लावून रात्रभर ठेवायला सांगा. फक्त त्या जोडावर फेस बघून गॅस भरून घेऊ नका. तो एक जोड बंद झाल्यावर काळ्या यू-बेंडमधली बारीक गळती असेल तर ती आत्ताच, फुकटच्या नायट्रोजनवर कळेल. दाब उतरला तर कॉइल बदलावी लागेल, पोखरलेल्या कॉइलवर ब्रेझिंगची ठिगळं टिकत नाहीत. वॉरंटी कार्डात कॉइलचा उल्लेख आहे का ते आज रात्रीच वाचून ठेवा.

---

खाडीकाठ_ऐरोली

ड्रेन खरंच बाथरूमच्या गटारात गेलाय, ट्रॅप नाही. दोन्ही फ्लेअर झाल्या, अर्ध्या इंचाची १६.४ भरली. ६ वाजता ३२ अंशाला ४०० लावलाय. सकाळी तापमानासकट आकडा टाकते.

---

नायट्रोजन_आधी

२५ अंशाला ३९० च्या आसपास दिसला तर व्हॅक्यूमला लागा.